डाव्या कोपऱ्यातला बाण

गलात्स, १४ नोव्हेंबर

प्रिय इलिंका,

तू बरी असशील असं धरून चालतो. मीही बरा आहे, म्हणजे जेवतोखातो. डॅन्यूब नदीवर इतकं धुकं आहे की आठवडाभर पलीकडचा किनारा दिसलेला नाही. बेकरीत मला पिठाची पोती उचलायला ठेवलंय. मालकीण विचारते, "कॉलेज अर्धवट सोडलंस ते ह्यासाठी का रे?" मी हो म्हणतो. एका मुलीच्या मागे याश शहरात, तिच्या ऑफिसात गेलो होतो, हे तिला कशाला सांगू.

तुझ्या बाबांनी मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर मधाची बरणी पाठवली. लिंडनच्या फुलांचा मध, ह्या वर्षीचा. सोबत चिठ्ठी होती. तिच्याबद्दल नंतर लिहितो.

मी ऑफिसात खुर्ची फेकली आणि निघून गेलो ते दोरिनसाहेबांवर जळून, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मी जळत होतो हे खरंय. तो तुझ्या खांद्यावर हात ठेवून "आमची इलिंका" म्हणाला की माझं डोकं भणाणायचं. पण तेवढंच असतं तर मी खुर्ची फेकून दुसऱ्या दिवशी परत आलो असतो, तू मला ओळखतेस. तुझ्यासमोर बसवेना, म्हणून गेलो.

आठव. दवाखान्याची वेळ घ्यायला तू बनवलेल्या स्क्रीनची आपण पाच म्हाताऱ्यांवर चाचणी घेत होतो. चौघं झाले, पाचवा आलाच नाही. घरचं माणूस बसवायचं नाही हा नियम, तरी मी तुमच्या घरी गेलो. तू हसून म्हणालीस, "बाबा भाव खातील हं." तोआदेरकाका स्वयंपाकघरात मधाच्या पोळ्याच्या चौकटी घासत होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. मी सांगितलं, मनात येईल ते मोठ्याने बोलत जा.

"हां, गुरुवार, साडेनऊ. मिळाली वेळ. पण नीट बघितलं का मी? जरा मागे जाऊन बघू." आणि त्यांनी डाव्या कोपऱ्यातला बाण दाबला.

पहिलं पान आलं. काका खूश. "झालं की. माझ्या पोरीचं काम आहे, सोपं असणारच."

वेळ रद्द झाली होती, इलिंका. बाण दाबला की ती सुटते, आणि स्क्रीन चकार शब्द काढत नाही. मी सांगितलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. "मी गाढव," म्हणाले. मी आपलं पाठ केलेलं वाक्य बोललो: "काका, परीक्षा तुमची नाही, स्क्रीनची आहे. मी लिहून घेतो, दुरुस्त होईल."

वहीत मी त्यापुढे चार लिहिला. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे हे नीट केल्याशिवाय लोकांच्या हातात द्यायचंच नाही.

संध्याकाळी दोरिनसाहेब म्हणाले, आणखी एक चार निघाला तर हे काम इलिंकाकडून काढून घेऊ. तू जिन्यात बसली होतीस, सफरचंद हातात तसंच धरून. मला बघून विचारलंस, "बाबांना जमलं?"

मी म्हणालो, "एका दमात."

मग वहीत चारचा एक केला. दुसऱ्या दिवशी काकांना म्हणालो, इलिंकाला सांगू नका, तिला वाईट वाटेल. ते म्हणाले, "बापाला शिकवतोस? नाही सांगणार."

तू काही मागितलं नव्हतंस. सगळं मीच केलं आणि त्याला प्रेम म्हणालो.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. काकांच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा येत होता, आणि तुझ्या स्क्रीनवर वेळ घेऊन ते गुरुवारी दवाखान्यात चार वाजेपर्यंत बाकावर बसले. यादीत नाव नव्हतं, म्हणून कुणाशी न भांडता घरी आले. सोमवारी डॉक्टर म्हणाले, गुरुवारी तपासलं असतं तर डोळा वाचला असता. तू रडत होतीस. "पाच जणांत बाबाही होते ना? तेव्हा जमलं, मग आता का नाही जमलं? मी त्यांना नाही नाही ते बोलले, युस्तिन. म्हटलं, साधी स्क्रीन वाचता येत नाही तुम्हाला. ते खाली बघत बसले. एक शब्द बोलले नाहीत."

आणि मी फोनवर काय म्हणालो? "ह्या वयात होतं असं." एवढं बोलून फोन ठेवला आणि पोती उचलायला गेलो.

ते का बोलले नाहीत, हे आता तुला कळलं असेल. त्यांनी मला शब्द दिला होता.

वहीचं पान सोबत पाठवतोय. उजेडात धर, एकच्या खाली खोडलेला चार दिसेल. ते दोरिनसाहेबांसमोर ठेव, आजच. बाण अजून तिथेच आहे, मी काल उघडून बघितलं. रोज कुणीतरी म्हातारं माणूस तो दाबून खुशीत उठत असेल. मग बाबांकडे जा. हे पत्र त्यांना वाचून दाखव, ते "राहू दे" म्हणाले तरी थांबू नकोस. मला उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर मी पुन्हा आशेला लागेन, आणि माझ्या आशेची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

चिठ्ठी राहिली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत आहे, ओळी एकमेकींवर चढल्यात. जशीच्या तशी उतरवतो:

"युस्तिन, मध पावाला लावून खा. इलिंका रागावलीय, निवळेल. चूक माझीच. मला तो बाण आठवत होता रे. पण तू लिहून घेतलं होतंस ना, म्हणून वाटलं, आता दुरुस्त झाला असेल."

बरणी मी अजून उघडलेली नाही.

ज्याने लिहून घेतलं होतं तो,
युस्तिन