बटल्याच्या शेतातला पांढरा कोपरा

२२ डिसेंबर १९९५

आजही नाही! रात्री गच्चीवर टमरेलात पाणी ठेवलं होतं, पहाटे बघितलं तर पाणीच. नुसतं गार. कॅमेरा गळ्यात, नाक लाल, समोर धुकं. धुक्याचे फोटो रामघाटावर कोणीही काढतं. मला पाला हवाय — गोठलेलं दव, गवतावर साखरेसारखं बसलेलं. (नागपूरच्या मावशीला ‘पाला पडला’ लिहिलं की ती झाडाखालचा केर समजते.)

खाली आले तर भय्यासाहेब चहा ढवळत म्हणाले, “बर्फच पाहिजे तर स्टुडिओत आहे की.” म्हणजे तो पडदा! रंगवलेला हिमालय. अर्ध्या उज्जैनने त्याच्यासमोर स्वेटर घालून फोटो काढून घेतलेत. स्वतःचे वडील इतकं चिडवतात!

२४ डिसेंबर

अट ठरली. भोपाळला ‘हिवाळा’ विषयावर प्रदर्शन आहे, वीस जानेवारीच्या आत फोटो पोचायला हवा. निवडला गेला तर भोपाळला फोटोग्राफी शिकायला जायचं, भय्यासाहेब अडवणार नाहीत. नाही निवडला तर निमूट स्टुडिओ. सध्या खरमास, लग्नं बंद, म्हणून मला मोकळीक. संक्रांत झाली की पुन्हा वरमाला, बिदाई, वरमाला, बिदाई. कॉलेज सुटल्यापासून तेच काढतेय. गुदमरायला होतं मला.

वर म्हणतात, “बिनामाणसाचा फोटो कोण बघणार, मुक्ता?” मी बघीन!

२९ डिसेंबर

अहल्याकडे गेले होते, चिंतामण रस्त्याला. आम्हा मैत्रिणींत लग्नानंतर शेतावर राहणारी ती एकटीच. तिच्या सासऱ्यांचा — बापूंचा — बटला (मावशीच्या भाषेत मटार) बहरलाय. पांढरी फुलं, कोवळ्या शेंगा. मी बांधावर उभी राहून विचारलं, “बापू, इथे पाला पडतो का हो?” अहल्याने मला असा चिमटा काढला!

बापू रागावले नाहीत. “अगं, पाला पडला की बटला एका रात्रीत काळा. आम्ही तर हात जोडून बसतो, बाबा पडू नको.” मग बांधाबांधाने रचलेले ढीग दाखवले. काडीकचरा, भुसा, वर ओलं शेण. थंडी फार वाढली की रात्री पेटवायचे, धूर शेतावर पसरून राहतो, पाला बसत नाही.

मी म्हटलं, “एक कोपरा सोडा ना माझ्यासाठी!”

थट्टेत म्हटलं. बहुतेक थट्टेतच. त्यांनी विचारलं, एवढा कशाला हवाय फोटो? मग सगळं सांगत सुटले — भोपाळ, अट, वरमाला, गुदमरणं. शेंग सोलत ऐकत होते. “देखते हैं,” एवढंच म्हणाले.

२ जानेवारी १९९६

ढग. नुसते ढग. टमरेल जैसे थे.

५ जानेवारी

महाकाळाला गेले आणि चक्क थंडी मागितली! बाहेर चपला घालताना बापू आठवले. तेही हात जोडत असतील, बरोबर उलटं मागत असतील. लाज वाटली. पण मागणं काही परत घेतलं नाही मी.

८ जानेवारी

पापुद्रा! टमरेलात बर्फाचा पापुद्रा! बोट लावलं तर कडकन मोडला. रेडिओवर शीतलहर शीतलहर चाललंय, आजची रात्र याहून गार म्हणे. रोल भरला, नीट अडकलाय ना दोनदा बघितलं. संध्याकाळी अहल्याचा फोन — “बापू ढीग पेटवायच्या तयारीत आहेत. तू येणारच, मालूम है मुझे. दोन स्वेटर घाल.”

९ जानेवारी

मिळाला!!!

लूनावर जाताना बोटं बधिर. शेतावर पोचले तर सगळीकडे धूर, डोळ्यांतून पाणी, ढिगांची राख धुमसतेय, आणि बटला हिरवागार. पांढरं काहीच नाही. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात विहिरीकडे नजर गेली. तिथला कोपरा पांढरा! पानांच्या कडांना काटे फुटलेले, फुलांवर बर्फाची लव, कोळ्याच्या जाळ्याची सुतळी झालेली. मी गुडघ्यावरच बसले. काच माझ्याच श्वासाने धूसर व्हायची, मग श्वास रोखून खटका दाबायचा. इतकं सुंदर मी आयुष्यात काही बघितलेलं नाही.

बापू म्हणाले, “तुझं नशीब. वारा फिरला रात्री. धूर इकडे आलाच नाही.”

कडेचा कचरा सारखा मध्ये येत होता, टाळून टाळून काढले. एकदा बापूच समोर आले. मी ओरडले, “बापू, हटा ना जरा!” — खटका दाबला गेला तो गेलाच. गेला एक फोटो वाया. ते बाजूला झाले. मग ऊन आलं आणि बघता बघता सगळं पाणी झालं.

११ जानेवारी

अहल्याचा फोन. विहिरीकडचा बटला काळा पडला. “जाऊ दे गं, बाकीचा वाचला.” वाऱ्याने केलं, मी काय करणार? तरी जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी

एक फोटो! अख्ख्या रोलमधून एक!! टॉवर चौकातल्या नव्या कलर लॅबचा तो शहाणा म्हणतो, “मॅडम, बाकी में तो कोई था ही नहीं. सफेद-सफेद घास. हमने समझा खराब हो गए.” माणूस दिसला तोच तेवढा छापला. आणि तो कुठला? बापू मध्ये आले तो!

घरी येऊन आदळआपट केली. भय्यासाहेब हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. “मी म्हटलं नव्हतं?” त्यांच्याशी अबोला. निगेटिव्ह आहेत, संक्रांत झाली की सगळे छापून घेते. फोटो पाकिटातून काढलाही नाही.

१५ जानेवारी

निगेटिव्ह घेऊन निघाले होते. जाता जाता तो एक फोटो काढून बघितला. मग भय्यासाहेबांचं भिंग घेऊन बघितला.

बापूंच्या मागे विहिरीकडचा ढीग आहे. मी कचरा म्हणून टाळत होते तो. बाकीच्या ढिगांची राख झालेली मी बघितली होती. हा अख्खा आहे. एक काडी काळी नाही. वर शेण जसंच्या तसं, आणि त्या शेणावर पांढराशुभ्र पाला.

वारा कुठला फिरतोय! त्यांनी पेटवलाच नाही. आणि मी त्यांना म्हटलं — हटा.

खूप रडले. लॅबमध्ये गेले नाही.

१७ जानेवारी

काल फोटो घेऊन बापूंकडे गेले. त्यांनी डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला आणि ढिगावर अंगठा ठेवला. “अच्छा आलाय. हाच भोपाळला पाठव. बाजूचा कचरा तेवढा कापून टाक.”

मी म्हटलं, “बापू, वारा—”

“फिरला होता,” म्हणाले.

आज पाठवला. कापला नाही.