माझं लोखंडी स्टूल

राजापेठ, अमरावती. रविवार, संध्याकाळ

दादाचा अकोल्याहून फोन. बाबांच्या आठवणीत कार्यक्रम ठरलाय, आम्ही चारही भावंडांनी पुन्हा एकत्र गायचं म्हणे. "अन् ते तुह्यं लोखंडी स्टूल घेऊन ये. स्टेजवर ठेवू. लोकाइले अजून आठवते ते."

आठवणारच. मी सगळ्यात धाकटी. माईकपर्यंत पोचत नव्हते म्हणून बाबांनी ते बनवून घेतलं. आमच्या पॉप गाण्यांच्या कॅसेटच्या कव्हरवरच्या फोटोतही मी त्यावरच उभी आहे, पिवळ्या सॅटिनच्या फ्रॉकमध्ये, हसत. पण घरी सूर चुकला की बाबा मला त्याच स्टुलावर उभं करायचे आणि बाकीचे माझ्यासमोर जेवायचे. ते फोटोत कुठून दिसणार?

मी म्हटलं, "मले उपाशी उभं ठेवत होते, तेही सांगशीन का लोकाइले?"

"बाबा गेले आता, सोड ना. त्याइच्यामुळेच आपलं नाव झालं."

झालं, खरं आहे. गाणंही त्यांनीच शिकवलं. म्हणून गप्प बसू? मग हे स्टूल मी इतकी वर्षं कशाला सांभाळलं?

जाईन अकोल्याला. गाईन. आणि दोन गाण्यांच्या मधे स्टुलाची गोष्ट सांगीन. दादाला माईक बंद करायचा तर खुशाल करू दे. माझा आवाज माईकशिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. तोही बाबांनीच घडवलेला.

स्टूल मात्र नेणार नाही. आत्ता त्याच्यावरच बसून भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. दोनदा वाढून घेतली.