मृत्यूचे स्थळ

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

अण्णांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान मिटवायचे तर त्यांच्या मृत्यूचा दाखला हवा; तदर्थ हा तुझा अनुज शेजारणीकडून किल्ली घेऊन तुझ्या घरी सुखरूप अवतीर्ण झाला. तू लेकीच्या बाळंतपणात मग्न असशील. नातीस आपल्या घराण्याच्या नासिकेचा वारसा न मिळो, ही प्रार्थना.

आज नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात पदार्पण केले. कारकून महाशय चहाच्या समाधीत होते. समाधी उतरल्यावर त्यांनी समस्त दप्तर धुंडाळून निर्वाळा दिला, की या नावाचे कोणी इथे मेलेलेच नाही. मी म्हणालो, मी याच गावी, घरातल्या पलंगावर, त्यांचे अंत्यदर्शन घेतले आहे. त्यावर ते म्हणाले, दर्शनाला आमच्याकडे रकाना नाही. माणूस ज्या हद्दीत मरतो तिथेच त्याची नोंद होते, आणि आमच्या हद्दीत तुमचे वडील मेलेले नाहीत. पित्याच्या अमरत्वाची अशी शासकीय ग्वाही लाभलेला पुत्र विरळाच! निघताना मात्र ते आवाज उतरवून म्हणाले, की घरी एकदा नीट विचारा. म्हणून विचारतो. भावोजींकडून नोंद करायची राहिली काय?

अण्णा गेल्यापासून विनोदी पत्र लिहायला माणूस उरले नाही. माझे पत्र ऐकून ते ठसका लागेपर्यंत हसले, असे तू दर वेळी कळवायचीस. ती खोड जात नाही, म्हणून हा प्रसाद तुला.

कृपालोभाचे माप आखडू नये, ही विज्ञापना.

तुझा,
पंडित


दि. ९ फेब्रुवारी

चि. पंडितास अ. उ. आ.

बाळ-बाळंतीण ठीक. नाक तुझ्यावरच गेलंय, तेव्हा आता गप्प बस.

तो कारकून खरं बोलला. अण्णा आपल्या घरी गेले नाहीत. नदीपलीकडच्या गावात वृद्धाश्रम आहे, तिथे गेले. उन्हाळ्यापासून ते तिथेच होते. तू निघालास असं कळलं, म्हणून तुझ्या भावोजींनी त्यांचा देह घरी आणून पलंगावर ठेवला. दाखला त्या गावीच मिळेल.

ते शेगडी पेटती ठेवायचे, दार उघडं टाकून निघून जायचे. त्यात यांचं दुखणं. माझ्याच्याने होईना रे. तुला कळवलं असतं तर तू पाच पानं संस्कृत पाठवलं असतंस, आला नसतास. खोटं आहे का?

तुझी पत्रं तिकडे न्यायचं मनात असायचं. जाणंच होईना, ती साचत गेली. तू आपला विचारायचास, हसले का? मग मी लिहायची, हसले. पहिल्यांदा लिहिलं होतं ते खरं होतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

दाखला उभ्या उभ्या मिळाला. तिथला कारकून इतका तत्पर, की निंदेस वाव राहिला नाही.

तुझा प्रश्न रास्त आहे. कदाचित मी आलो नसतो. पण न येण्याचे ते पाप माझे मला करू द्यायचे होतेस. तू ते परस्पर उरकलेस.

नंतर वृद्धाश्रमात गेलो. अण्णांचे सारे करणाऱ्या बाईंनी मला चेहऱ्यावरून ओळखले आणि विचारले, की राग गेला का? कोणावरचा, ते मला उमगेना. मग त्यांनी सांगितले. टपाल यायच्या वेळी अण्णा व्हरांड्यात जाऊन बसत. आपले काही नाही असे कळले की म्हणत, लेक रुसलाय, माझंच काहीतरी चुकलं असणार. तो आला तर सांगा, म्हातारा माफी मागत होता.

अण्णांना घरी सांभाळणे तुला झेपले नाही, हे मला समजते. त्यांच्या वतीने हसणे मात्र तुला महिनोन्‌महिने झेपले, हे समजत नाही.

बाई उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. मी म्हणालो, हो, गेला राग. निरोप इमानाने जपून ठेवणाऱ्या त्या माउलीला दुसरे काय सांगणार?

तुझ्याविषयी तेच उत्तर आज देववत नाही. ज्या दिवशी देववेल, त्या दिवशी मीच लिहीन. तोवर तू लिहू नयेस.

तुझा भाऊ