उताराचा साहेब

साहेब, तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही. हा रेल्वेचा घाट बांधून तुम्ही गेलात त्याला शंभरावर वर्षं झाली, आणि मी लोणावळ्यातली एका सांधेवाल्याची मुलगी. तरी आमच्या घरात तुमचा विषय थोरल्या आजोबांसारखा निघायचा. नाव कुणालाच येत नव्हतं, नुसतं ‘साहेब’. आमच्या खापरपणजोबांनी म्हणे तुमच्या बोगद्यातले दगड वाहिले. कड्यावरून कमरेला दोर बांधून तुम्ही स्वतः खाली सुटायचात, पटकीनं माणसं पटापट मरत होती तरी तुम्ही तंबू हलवला नाहीत, असं माझे वडील, आबा, सांगायचे. खरंखोटं तुम्हालाच ठाऊक. मला तुमच्या धाडसाचं फारसं कौतुक नाही. तुम्हाला भीती वाटायची का, एवढंच विचारायचंय.

वाटत असणार. नाहीतर तो फाटा तुम्हाला सुचला नसता. घाट उतरताना मध्येच एक रूळ डोंगरावर चढतो आणि तिथंच संपतो. गाडीची वाट बदलणारा सांधा कायम त्याच्याकडेच लावलेला. गाडी आधी पुरती थांबली, तरच आबा सांधा फिरवून तिला खालची वाट देणार. ब्रेक गेलेली गाडी थांबणारच नाही, ती आपसूक चढावर जाऊन दमेल. मी लहानपणी आबांना विचारलं होतं, की रोज चांगल्या येणाऱ्या गाड्यांवर एवढा संशय कशाला? आबा म्हणाले, “साहेबानं गाडीवर इस्वास न्हाई ठिवला, म्हून तर समद्या सुखरूप उतरत्यात.”

एकदा मी आबांची भाकरी घेऊन सांध्यावर गेले होते. वरून मालगाडी येते आहे, शिट्टीवर शिट्टी देते आहे, आणि थांबत नाही. आबा माझा दंड धरून मला भिंतीशी दाबतात. चाकांतून ठिणग्या उडताहेत. गाडी फाट्यावर चढली, कण्हत कण्हत उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही. पण ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याला चहाचा पेला धरता येईना, आबांनी तो त्याच्या तोंडाला लावला. सगळे म्हणाले, साहेबानं वाचवलं. मला मात्र त्या माणसाचे ओठ अजून दिसतात.

आज माझी मुलगी तशीच एक मालगाडी घेऊन घाट उतरते आहे. आजवर ती सहायक होती, आज पहिल्यांदाच गाडी तिच्या हातात. सकाळी मी डबा भरताना दोनदा झाकण पाडलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, “आई, गाडी चालवायच्या आधी थांबवायलाच शिकवलंय आम्हाला.” आता सांध्यावर माणूस नसतो, सगळं विजेवर चालतं, हेही तिनं समजावलं. त्यानं माझी भीती वाढलीच. घाटाखाली कर्जतला पोचले की फोन करते, म्हणून गेली.

दुपार कलली. स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण देवाला सांगितलं तर तो धीर धर म्हणेल. तुम्ही तसं म्हणणार नाही.

फोन वाजतोय, साहेब. नाव तिचंच दिसतंय. पण तिच्या फोनवरून दुसरंच कुणी बोललं तर? दोनदा वाजून थांबला, आता पुन्हा वाजतोय. आणि मी तो उचलायचा सोडून हे लिहीत बसले आहे.