पाहुण्यांनी खाल्लेली जोडी

आत-बाशी, सोमवार

आदरणीय झूरा एजे यांस,

धाकट्या भावाचा, कुबातचा, वाकून सलाम. तुमचा गुडघा, तुमच्या यजमानांचा म्हणजे जेज्देंचा खोकला आणि काळी गाय या तिघांची खुशाली कळवावी. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त झोप लागत नाही, भूक लागत नाही आणि इल्गिझ हे नाव ऐकलं की डाव्या कानात गुणगुण होते.

इल्गिझ म्हणजे मागच्या पत्रातला तोच, आमच्या शाळेत यंदा आलेला रसायनशास्त्राचा दुसरा मास्तर. वय सव्वीस. बिश्केकहून रंगीत प्लास्टिकच्या गोळ्यांची पेटी घेऊन आलाय. गोळीत काडी खुपसली की रेणू तयार. बावीस वर्षं मी फळ्यावर रेणू काढतोय, कुणी मान वर केली नाही. याच्या टेबलाभोवती मुलं मधल्या सुट्टीतही. (मला मत्सर वाटत नाही. वाटतो. फार वाटतो.) त्यात मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं, दोघांनी रेणूंच्या आकारावर खुला तास घ्यायचा, वरून तपासणीचे पाहुणे येऊन बघतील, ज्याचा सरस त्याला अकरावीचा वर्ग. एजे, अकरावी माझी आहे. ती गेली तर मला उरतं पाचवीचं निसर्गशास्त्र.

मी ठरवलं, प्लास्टिकला कुरूतने उत्तर द्यायचं. तुम्ही पाठवलेल्या त्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांतला मोठा गोळा ऑक्सिजन, दोन लहान ते हायड्रोजन, मधे आगकाड्या. ऑक्सिजनच्या डोक्याशी दोन सैल कुरूत, म्हणजे कुणाशीच बंध नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या दोन एकाकी जोड्या. खुल्या तासाला मुलांना म्हटलं, या जोड्या म्हणजे तोरवर, दारापासून सर्वांत लांबच्या मानाच्या जागी, ऐसपैस बसलेले पाहुणे. कुणाशी बांधलेले नाहीत म्हणून जास्तच जागा अडवतात आणि हायड्रोजनांना खाली दाराकडे रेटतात. म्हणून पाण्याचा रेणू वाकलेला, एकशे साडेचार अंशांत. तेवढ्यात साइकाल नावाची आगाऊ मुलगी म्हणाली, "म्हणजे अगाय, शिक्षकांच्या खोलीत तुम्ही बसता तसं?" (बायको गेल्यापासून मी खिडकीशी एकटा बसतो आणि दुसऱ्या खुर्चीवर पिशवी ठेवतो, हे खरं आहे.)

वर्ग हसला. मी फळ्याकडे वळून कोन लिहिला, परत वळलो तर एकाकी जोड्या गायब. तपासणीचे पाहुणे शेरिपबेक बायके पुढच्या बाकावर काहीतरी चघळत बसलेले. चूक माझीच, पांढऱ्या कापडावर कुरूत मांडून पाहुण्यासमोर ठेवल्यावर आपल्याकडचा माणूस काय त्याचा अभ्यास करणार? ते म्हणाले, "छान आहे हो. मीठ जरा जास्त." माझं डोकं बंद पडलं, आणि हातांनी आपसूक हायड्रोजन ओढून रेणू सरळ रेषेत करून टाकला. सरळ पाणी, एजे. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मागच्या बाकावरून इल्गिझ उठला. वाटलं, झालं, आता हा मला गाडतो. तर म्हणतो, "अगायनी काय केलं बघितलंत? पाहुणे उठून गेले, रेटणारं कुणी उरलं नाही, म्हणून उरलेले दोघे एकमेकांपासून होता होईल तेवढे लांब सरकले. एकाकी जोड्या नसत्या तर आकार असाच सरळ झाला असता." टाळ्या वाजल्या. अकरावी मला मिळाली. त्याने माझी फजिती केली असती तर मी माफही केलं असतं. पण जे मला सुचायला हवं होतं ते त्याला सुचलं, आणि वर त्याने ते माझ्याच नावावर देऊन टाकलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तुमचा,
कुबात

ता. क. अकरावी नाही म्हणून इल्गिझला नारीनला बदलून नेणार आहेत असं कळतं. जेज्दे बदल्या करणाऱ्या खात्यातच आहेत. तो माणूस डोळ्यांसमोर नको, असं मी गेल्या महिन्यात तुम्हाला लिहिलं होतं. ते पत्र जेज्देंना दाखवलं नसेल तर फाडून टाका. दाखवलं असेल तर पाया पडून सांगतो, बदली थांबवा. अकरावी त्यालाच देऊ देत. या शाळेत पाणी सरळ की वाकडं याची पर्वा असलेला दुसरा माणूस नाही.

ता. क. २. त्याला यातलं काही कळू देऊ नका. खुर्चीवरची पिशवी मी आज उचलली आहे, सध्या तेवढं पुरे. कुरूत मात्र पाठवा, पाहुण्यांचं वेगळं.