साचा सरळ होता

मी दर्शना सुहास रेवाळे, वय एकोणतीस, सातवीपर्यंत शिकलेली, राहणार संगमेश्वर. दोन रात्री डोळ्याला डोळा नाय. उद्या रत्नागिरीच्या इस्पितळात माझ्या गळ्यातली गाठ काढणार. ऑपरेशनची भीती आहेच. पण मी उठले नाय तर माझी चार वर्षांची सानवी दिराच्या घरी जाईल, ही त्याहून मोठी. डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाय.

सानवीचे वडील दोन वर्षांमागे वारले. माझ्यामागे तिला माझा भाऊ शिवादादा, राहणार केळशी, ह्याने सांभाळावं. माझ्या दिराने, संदेश भावोजींनी, नाय.

पायाने चालवायचं छपाईचं मशीन सासऱ्यांनी मरताना माझ्या नावावर केलं, कारण छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला मीच त्यांच्याजवळ बसायचे. ते सानवीचं. ती मोठी होईपर्यंत दादाने ठेवावं, विकू नये.

शाईचे रूळ ओतायचा पितळी साचा, तोही तिचाच. हा दुसरा. पहिला सासऱ्यांचा. मी बाळंतपणाला केळशीला गेले आणि भावोजींनी तो भंगारात घातला. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, मला पाण्याचा पाईप वाटला." लहानपणापासून बापाला त्यात रूळ ओतताना बघितलेला माणूस.

गेल्या उन्हाळ्यात जुने रूळ चिरले. साचा कुठे मिळेना. कोल्हापुरात विचारलं, मुंबईला फोन लावले. "बाई, आता कोण वापरतो ते," म्हणून हसले. मग दादाने जुन्या होडीच्या पंख्याच्या दांड्यावरचा पितळी पाईप काढला, आतून घासून घासून गुळगुळीत केला. आठ दिवस मासेमारीला गेला नाय.

सरस आणि काकवी शिजवून पहिला रूळ ओतला, स्वैपाकघरात टांगला. उंदरांनी खाल्ला. शेजारची गोदूबाई म्हणाली, "तुझ्याकडे उंदरांचं बारसं होतं काय गो?" दुसरा निघाला तो एका बाजूने पोट आलेला. मी केळशीला जाऊन दादाच्या खलाशांसमोर त्याला बोलले, "साचा वाकडा केलास. तूही भंगारच दिलंस." तेव्हापासून तो आठ महिने माझा फोन उचलत नाय.

सरस गोठेपर्यंत साचा उभा ठेवायचा असतो. दुसरा रूळ ओतला त्या दिवशी भावोजी दारात आले आणि मी घाबरून तो खाटेखाली आडवा लपवला. चूक माझी. तिसरा रूळ साचा उभा ठेवून ओतला तेव्हा कळलं. गोल निघाला. त्याच्यावर सोळा लग्नांच्या पत्रिका छापल्या. दादाला सांगायची लाज वाटली.

गोदूबाईला माझा कुकर. तिचा शिटी मारत नाय.

भावोजींना भिंतीवरचा खुंटा, ज्याला सासऱ्यांचा साचा टांगलेला असायचा. रिकामाच आहे.

लिहून देणार: दर्शना सुहास रेवाळे
साक्षीदार: १. नंदा जाधव, वॉर्डातल्या सिस्टर
२. सखाराम पाष्टे, शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे मालक
आमच्या तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या.
रत्नागिरी, ११ फेब्रुवारी २०२५

सह्या झाल्यावर एक राहिलं. हे ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या फोनवरून शिवादादाला फोन करावा. नंबर सानवीच्या दप्तरात आतल्या बाजूला लिहिलाय. माझ्या फोनवरून लावू नका, उचलणार नाय. मी गेल्याचं मागनं सांगा. आधी सांगा, साचा सरळ होता.