पोवळ्याच्या छिद्रांतली माती

श्रावण वद्य पंचमी, शके १७८६. हिवरखेड.

कापसाच्या दलालासोबत एक कच्छी म्हातारा गावात आलाय, जन्मभर खलाशी होता. काल त्याने मला समुद्रातल्या पोवळ्याचा पांढरा तुकडा दिला, बारीक छिद्रांनी भरलेला. म्हणाला, "हा दगड नाही. छिद्राछिद्रात जीव राहत होता. नदीचा गाळ बसला की ते गुदमरून मरतात."

खरं असेल? आज सकाळी नाल्याचं गढूळ पाणी लोट्यात घेऊन तुकडा त्यात ठेवला. तिसऱ्या प्रहरी पाहतो तर छिद्रं काळ्या मातीने बुजलेली. माती माझ्याच वावरातली! कापसाला भाव आला म्हणून नाल्याकाठचं कुरण यंदा मीच मोडून तिथे कापूस पेरला.

बायको म्हणाली, "सकायपासून चिखल कावून पाहून राहिले जी?" सांगितलं, तर तिने तुकडा धुतला, काडीने एक छिद्र कोरलं. माती निघेना.

ती म्हणाली, "आपला नाला पूर्णेत, पूर्णा तापीत, अन् तापी समुद्रात. मंग तिथच्या जीवाईले आपुनच मारून राहिलो काय?"

म्हाताऱ्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "तापीच्या मुखाशी मी पोवळं पाहिलं नाही. कधी होतं की नव्हतंच, कोण सांगणार?"

हेच डोक्यातून जात नाही.

दिवस बुडायच्या आत नाल्यालगतच्या चार ओळी कापसाची पराटी आम्ही दोघांनी उपटली. तिथे गवत वाढू देऊ, ते माती धरून ठेवील. समुद्र मी पाहिलेला नाही, बहुधा पाहणारही नाही.